पाहणी कुणाची, कशाची?

कराचीच्या ईधी फाउंडेशनमध्ये वाढलेल्या त्या मूकबधिर मुलीला आधी फातिमा म्हणत. लहानपणी ती लाहोरला समझौता एक्सप्रेसमध्ये पाकिस्तानी रेंजर्सना सापडली होती. नाव, गाव, आईबाप, काहीच तिला सांगता येत नव्हते. मुलगी हिंदू असावी हे लक्षात आल्यावर फाउंडेशनच्या बिल्किस ईधींनी तिचे नाव गीता ठेवले आणि तिच्या खोलीत देवांच्या तसबिरी लावून छोटेसे देवघर मांडून दिले. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी गीता भारतात परतली. सरकारने तिची सोय इंदूरच्या मूकबधिर संघटनच्या वसतिगृहात केली. तोवर तिने विशी ओलांडली होती.

पुढची जवळपास पाच वर्षे ती त्या वसतिगृहात राहिली. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज स्वतः तिची विचारपूस करीत. ‘ही आमचीच’ म्हणत ठिकठिकाणची कुटुंबे पुढे येत आणि ओळख पटत नसे. मध्यंतरी तिच्यासाठी स्थळे पाहण्याचा कार्यक्रमही झाला, वर्तमानपत्रांना चार दिवस विषय मिळाला. २०२० मध्ये ती इंदूरच्याच आनंद सर्व्हिस सोसायटीकडे आली. ज्ञानेंद्र आणि मोनिका पुरोहित हे दांपत्य तिथे सांकेतिक भाषेत काम करते. रेल्वे स्थानक, जवळ नदी, उसाची शेते अशा तिच्या आठवणी पुन्हा पुन्हा विचारून जुळवल्या गेल्या आणि शोध मराठवाड्याकडे वळला. २०२१ मध्ये परभणी भागाशी तिचा धागा जुळला, आई सापडली.

बातमी तिथे संपली. पण ज्यांच्या घरी किंवा ओळखीत एखादी प्रौढ दिव्यांग व्यक्ती आहे, त्यांच्यासाठी गीताच्या मुक्कामात एक अवघड प्रश्न आहे. छप्पर, जेवण, सुरक्षितता, शिक्षण, अगदी मंत्र्यांचे लक्ष, सगळे तिच्या वाट्याला आले. तरी तिचे गाव शोधायला लागली ती तिच्या हातवाऱ्यांतला अर्थ धीराने उलगडत बसणारी माणसे. सांभाळ चांगला झाला की नाही हे ठरवताना आपण नेमके काय मोजतो?

इंदूरला मोजमापांचे वावडे नाही. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात अव्वल राहणारे हे शहर कचऱ्याचे वर्गीकरण घरटी तपासते. माणसांच्या बाबतीत मात्र या शहराचे दोन प्रसंग विसरता येत नाहीत. २९ जानेवारी २०२१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, महापालिकेच्या गाडीतून निराधार वृद्धांना देवास रस्त्यावर शिप्रा गावाजवळ आणून उतरवले गेले. त्यांतल्या काहींना धड उभेही राहता येत नव्हते. गावकऱ्यांनी हटकले, मोबाइलवर चित्रण केले, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत चढवण्यात आले. एक उपायुक्त निलंबित झाले.

दुसरा प्रसंग जून-जुलै २०२४ चा. श्री युगपुरुष धाम या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या आश्रमात उलट्या-जुलाबांची साथ पसरली. दोनशेच्या आसपास मुले तिथे राहत होती. काही दिवसांत किमान सहा मुले दगावली, कित्येकांना चाचा नेहरू रुग्णालयात हलवावे लागले आणि काहींच्या तपासणीत पटकीचे जंतू सापडले. चौकशी समितीने क्षमतेपेक्षा जास्त मुले, वैद्यकीय नोंदींतली हयगय आणि एका मृत्यूची माहिती दडवणे असे ठपके ठेवले. पटकी हा काही गूढ आजार नाही. पिण्याचे पाणी, हात धुणे आणि पहिल्या मुलाला जुलाब झाल्याबरोबर कुणीतरी ‘डॉक्टरांना बोलवा’ असे म्हणणे, एवढ्यावर तो अडवता येतो. ज्या मुलाला ‘पोट दुखतंय’ हे शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत ते म्हणणारे माणूस जवळ असणे हाच सांभाळाचा अर्धा भाग आहे.

त्याच जुलैमध्ये दिल्लीतल्या रोहिणीच्या ‘आशा किरण’ या सरकारी निवासगृहात १४ जणांचा मृत्यू झाला. तिथे बहुतेक प्रौढ होते, आणि मंजूर क्षमतेच्या दीडपटीहून अधिक माणसे राहत होती. एक संस्था खाजगी, एक सरकारी. एकीकडे मुले, दुसरीकडे मोठी माणसे. गर्दी दोन्हीकडे तीच.

मुले आणि मोठी माणसे या फरकाला कायद्यात मात्र फार वजन आहे. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे प्रत्येक बालगृहाची दर तीन महिन्यांनी पाहणी झाली पाहिजे; पाहणी करणाऱ्या समितीत किमान तीन सदस्य हवेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. ती कितपत होते हे युगपुरुष धामने दाखवलेच, पण निदान कागदावर बंधन आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की हे छत्र निघते. अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, तीही साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत. त्यानंतर संस्था दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ खाली येते. त्यात नोंदणी आहे, नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे, पण दर तिमाहीला अमुक इतक्या लोकांनी येऊन पाहावे असे बंधन नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ आणखी वेगळा. बौद्धिक अक्षमता त्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. तीस वर्षांचा, बोलता न येणारा, आईबाप नसलेला माणूस या तीन कायद्यांच्या मधल्या फटीत राहतो.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर हीच फट अनेक वर्षे सरकारपुढे मांडत आले आहेत. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाच्या त्यांच्या बालगृहात १२३ बेवारस दिव्यांग मुलामुलींना त्यांनी स्वतःचे नाव दिले. अठरा वर्षे झाली म्हणून या मुलांना जायचे कुठे, असा त्यांचा साधा सवाल आहे. त्यांच्या आजीवन पुनर्वसनासाठी कायदा करा, ही मागणी. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथे वाढलेली एक अंध तरुणी एमपीएससीची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठराव्या वर्षी तिला दुसरीकडे पाठवले असते तर काय झाले असते, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण शंकरबाबांसारखा माणूस ही व्यवस्था होऊ शकत नाही, आणि इथेच आपल्याकडची चर्चा नेहमी घसरते. संस्था चांगली का, तर चालवणारे देवमाणूस आहेत म्हणून. देवमाणूस थकल्यावर काय, हे कुणी विचारत नाही. शिवाय देवमाणसाच्या घरात हिशेब मागणे आपल्याला उद्धटपणा वाटतो. इंदूर-उज्जैन पट्ट्यात दानधर्माची परंपरा मोठी आहे. पुण्यतिथीला आश्रमात गोडाचे जेवण द्यायचे, नातवाचा वाढदिवस तिथे साजरा करायचा, हे नित्याचे. देणाऱ्याची भावना खरीच असते. तरी त्या दिवशी रांगेत बसून परक्या मुलाच्या केकवर टाळ्या वाजवणाऱ्या पस्तिशीच्या माणसाचा स्वतःचा वाढदिवस कधी असतो, हे पाहुण्यांपैकी किती जण विचारतात? त्याच्या ताटात शिरा येतो. त्याला तो हवा होता का, हा प्रश्न येत नाही.

हवे-नको विचारण्याचा हा प्रश्न ताटापुरता राहत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी निवासगृहातल्या दहाहून अधिक मतिमंद मुली-स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. कारण दिले गेले पाळीच्या स्वच्छतेचे: त्यांना पाळी सांभाळता येत नाही, कर्मचाऱ्यांवर ताण येतो. पुण्यातल्या स्त्री संघटनांनी आणि आरोग्य चळवळीतल्या डॉक्टरांनी निदर्शने केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वादात एक गोष्ट उघडी पडली. प्रश्न होता पुरेशा कापडाचा, पाण्याचा, न्हाणीघराला दार असण्याचा आणि महिन्यातून चार दिवस हातात हात धरून शिकवणाऱ्या बाईचा. विशेष शाळांतल्या शिक्षिका हेच काम रोज करतात: चित्रांचा तक्ता, ठरलेला डबा, ठरलेली वेळ, आणि तेच पुन्हा, सहा महिने, वर्ष. बऱ्याच मुली शिकतात. काही शिकत नाहीत, त्यांना मदत लागते. मनुष्यबळाची तूट भरून काढायला बाईचे गर्भाशय काढण्याचा उपाय निवडला गेला आणि त्याला काळजी म्हटले गेले.

पंधरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने यावर निर्णायक बोट ठेवले. चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या एका बौद्धिक दिव्यांग तरुणीवर तिथेच बलात्कार झाला, ती गरोदर राहिली, आणि प्रशासन तिचा गर्भपात करू पाहत होते. तिला मूल हवे होते. २००९ मध्ये न्यायालयाने तिच्या संमतीशिवाय गर्भपात होणार नाही असा निकाल दिला. संस्थेने तिचे रक्षण केले नव्हते. तिच्या वतीने निर्णय घेण्याचा उत्साह मात्र संस्थेला होता.

अत्याचाराच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा एक धागा सापडतो: तक्रार करायला भाषा नसणे, किंवा भाषा असून ऐकणारा नसणे. २०१८ मध्ये भोपाळच्या एका खाजगी वसतिगृहात राहून प्रशिक्षण घेणाऱ्या मूकबधिर तरुणींनी संचालकावर अत्याचाराचे आरोप केले. या मुली अठरा वर्षांवरच्या होत्या, धडधाकट होत्या, घडलेले सगळे त्यांना तपशिलाने सांगता येत होते. दुभाषी मिळाल्यावर त्यांनी ते सांगितले आणि संचालकाला अटक झाली. इंदूरच्या तुकोगंज पोलीस ठाण्यात मूकबधिरांसाठी साहाय्यता केंद्र आहे, ही या शहराची फारशी न मिरवलेली कमाई. कचरा गाड्यांइतकी तिची जाहिरात व्हायला हरकत नव्हती. वसतिगृहाच्या भिंतीवर तक्रारपेटी टांगून निरीक्षकांच्या रकान्यात ‘आहे’ अशी खूण होते. पेटीची किल्ली वॉर्डनकडेच असते आणि राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना लिहिता येत नाही, हे रकान्यात येत नाही.

मनोरुग्णांच्या निवासांची कथाही वेगळी नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, तेव्हा देश हादरला. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशातल्या सर्व ४६ सरकारी मनोरुग्णालयांची स्थिती अमानवी आणि शोचनीय असल्याचे म्हटले. आयोगाने स्वतः भेट दिलेल्यांत ग्वाल्हेर होते. आयोगाचा मोठा आक्षेप हा की बरे झालेले लोकही आतच ठेवले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच अशा लोकांसाठी रुग्णालय आणि घर यांच्यामधली मध्यगृहे उभारण्याचे आदेश दिले होते. महाराष्ट्राने काय केले? बऱ्या झालेल्यांपैकी काहींना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल कान उपटले. आकडेवारीत खाट रिकामी झाली होती, एवढे खरे.

याच महाराष्ट्रात रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या जोडीने एक वेगळा प्रयोग चालतो. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ या नावाने वस्तीतली साधी घरे भाड्याने घ्यायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे रुग्णालयात काढलेल्या चार-पाच जणी एका घरात राहतात, सोबत एक मदतनीस बाई, बहुधा त्याच भागातली. भाजी आणायची, शेजारी हळदीकुंकवाला जायचे, कुणाचे कुणाशी बिनसायचे, कुणी कामाला लागायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये जगभरातल्या चांगल्या सामुदायिक सेवांची निवड केली, त्यात आधारासह निवासाच्या मोजक्या नमुन्यांत याचा समावेश होता. यातली कळीची बाब म्हणजे शेजार. घरातून आठ दिवस कुणी दिसले नाही तर समोरच्या काकू विचारतात. तीन महिन्यांनी येणाऱ्या समितीहून ही पाहणी जास्त कडक असते.

घर लहान असले की सांभाळ आपोआप चांगला होतो, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळचे विंटरबोर्न व्ह्यू हे बौद्धिक दिव्यांगांचे खाजगी रुग्णालय अवघ्या २४ खाटांचे होते, तिथे माणशी आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड घेतले जात आणि देशात स्वतंत्र नियामक आयोग होता. २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने तिथली मारझोड दाखवली. एका परिचारकाने आधीच केलेल्या तक्रारीची नियामकाने दखल घेतली नव्हती. अकरा कर्मचारी दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. पैसा होता, माणसे होती, पण दार बंद होते. इंग्लंडमध्ये आधारासह निवासाचा जो विचार रुजला आहे, त्यात घर एकाचे आणि सेवा दुसऱ्याची असते. राहणाऱ्याच्या नावाने भाडेकरार असतो, मदतनीस पसंत पडला नाही तर तो बदलता येतो आणि राहणाऱ्याला घर सोडावे लागत नाही. आपल्याकडे जेवण, खोली, औषध, पालकत्व आणि पेन्शनचे पासबुक हे सगळे बहुधा एकाच कपाटात असते.

मराठी मुलखात पालकांनी यावर आपल्या पद्धतीने उत्तर शोधले. ‘आमच्या मागे याचं कसं व्हायचं?’ हा प्रश्न घेऊन पालकच एकत्र आले आणि बदलापूरला ‘आधार’ उभी राहिली. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ झाले. मुळशी तालुक्यात कोळवणला १९९४ मध्ये सुरू झालेल्या साधना व्हिलेजने आणखी वेगळी वाट धरली. तिथे राहणाऱ्या प्रौढांना विशेष मित्र म्हणतात. ते लहान घरांत, कार्यकर्त्यांच्या सोबतीने, आसपासच्या गावांशी संबंध ठेवून राहतात. पालकांनी काढलेल्या संस्थांचे बळ हे की विश्वस्त मंडळात बसलेल्या माणसाचे स्वतःचे मूल त्याच पंगतीत जेवत असते. त्याहून चोख तपासनीस मिळणार नाही. त्यांची अडचण अशी की ते विश्वस्त आता सत्तरी-ऐंशीत आहेत. दुसरी अडचण पैशाची: सुरुवातीला भरायची ठेव आणि दरमहाचा खर्च मध्यमवर्गालाही जड जातो, शेतमजुराच्या घरचा प्रश्न तर त्या दारापर्यंत पोचतच नाही.

इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेत किंवा लोकमान्य नगरात, ही चिंता अनोळखी नाही. सानंद या मराठी संस्थेचे नाटक चुकवणारे एखादे दांपत्य चुकवते ते घरात चाळिशीचा मुलगा एकटा राहू शकत नाही म्हणून. धाकटी भावंडे पुण्यात, बंगळूरात, परदेशात. पुण्याकडच्या संस्थेत ठेवायचे तर त्याची सवयीची गल्ली तुटते, रोजचा पोहे-जिलबीवाला तुटतो. आणि चाळीस वर्षे हिंदी ऐकत वाढलेल्या या मराठी मुलाला दोन्ही भाषांची खिचडी समजणारा मदतनीस हवा असतो. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या समूहनिवासाची योजना आणि ‘निरामय’चा लाखभर रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा यांची माहिती अशा घरांत असते. विमा काढलेला असतो. घरौंदाची जागा जवळपास मिळणे ही वेगळी गोष्ट.

सरकारी रक्कम पाहिली की चित्र स्पष्ट होते. इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये; मध्य प्रदेशात हातात पडतात ६०० रुपये. २०११ च्या जनगणनेत या राज्यात साडेपंधरा लाख दिव्यांग नोंदले गेले होते. त्यांतल्या ज्यांना दिवसरात्र सोबत लागते त्यांच्यासाठी सहाशे रुपयांत दिवसाचे वीस रुपये येतात. मदतनीसाचा पगार यातून निघत नाही हे उघड आहे. मग संस्था एका मावशीवर वीस-पंचवीस माणसे टाकते. मावशीला प्रशिक्षण नसते, सुट्टी नसते, दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळाले की ती जाते, आणि तिच्याबरोबर कुणाला फिट येण्याआधी डोळे कसे होतात, कुणाला दूध चालत नाही, कोण कुणाला मारतो हे सगळे ज्ञान निघून जाते. नोंदवहीत ते कधीच नसते.

एक यंत्रणा प्रत्येक जिल्ह्यात आधीच आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिघांची स्थानिक समिती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी जमाखर्चाचा हिशेब समितीला द्यायचा असतो. पाल्याचा दिवस कसा जातो याचा हिशेब कुणी मागत नाही. समितीने तो मागावा, सोबत सांकेतिक भाषेचा दुभाषी आणि एखादी विशेष शिक्षिका घेऊन न कळवता निवासगृहांत जावे, यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. इंदूरमध्ये पुरोहितांसारखे दुभाषी आहेत, विशेष शिक्षणाचे पदवीधर आहेत. अशी फेरी रात्री नऊनंतर काढलेली बरी. सकाळी सतरंज्या झटकलेल्या असतात आणि डॉक्टरांची भेट ठरलेली असते. रात्री किती जणांमागे किती माणसे जागी आहेत, कोणत्या दारांना बाहेरून कडी आहे आणि पाण्याचा माठ झोपलेल्यांच्या हाताशी आहे की कुलपाआड, हे तेव्हाच दिसते.